कोकणात पक्षी बघायला जाताय? आधी तिथी बघा

माघ लागला की कोल्हापूरजवळच्या वडगाव आणि आसपासच्या गावांतून एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "मालवणला जाऊन आलो, दोन दिवस किनाऱ्यावर फिरलो. कावळे, घारी आणि चार बगळे सोडून काही दिसलं नाही. पक्षी आता येतच नाहीत का?" कुणाला रत्नागिरीत असा अनुभव आलेला असतो, कुणाला वेंगुर्ल्यात. दुर्बीण नवी घेतलेली असते, पुस्तक बरोबर असतं, पण हात रिकामे.

पक्षी येतात. तुम्ही पोहोचता तेव्हा ते दुसरीकडे असतात, एवढंच. आपण घाटावरची माणसं सहल आखताना सुट्टी बघतो, गाडी बघतो, हॉटेल बघतो. किनाऱ्यावरचा पक्षी यातलं काही बघत नाही. तो भरती-ओहोटीच्या वेळेवर जगतो. तुमचं वेळापत्रक त्याच्या वेळापत्रकाशी जुळवलंत तर त्याच किनाऱ्यावर एका सकाळी वीस-पंचवीस जाती सहज दिसतात. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

फेब्रुवारी-मार्चच का?

डिसेंबरातही किनारा पक्ष्यांनी भरलेला असतो आणि हवाही सुखद असते. तरी पहिल्या सहलीसाठी मी माघ-फाल्गुन सुचवतो. त्याचं कारण रंग.

हिवाळाभर चिखल्या, तुतारी, कुरव हे सगळे मळकट राखी-पांढरे असतात. नवख्या माणसाला एकातून दुसरा ओळखणं अवघड जातं. फेब्रुवारी सरता सरता त्यांच्या अंगावर विणीचा रंग चढू लागतो. वाळू चिखल्याच्या छातीवर विटकरी पट्टा उमटतो. कुरवांची डोकी गडद होतात. मार्चच्या मध्यापासून एकेक थवा उत्तरेकडे निघतो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे जातात, आपल्याकडच्या वाळू चिखल्यांपैकी बरेच तिबेटच्या पठाराकडे आणि मध्य आशियाकडे. एप्रिल उजाडला की किनारा ओस पडायला लागतो.

युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी वसंतात पक्षीनिरीक्षकांची गर्दी होते, ती दक्षिणेकडून परतणारे थवे बघायला. तिथले लोक आगमन बघतात, आपल्या वाट्याला निरोप येतो. आणि निरोपाच्या वेळी पक्षी सर्वांत देखणा असतो.

तिथीवरून भरती कशी काढायची?

यासाठी कोणतंही अॅप लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणातले जुने लोक वापरतात तो हिशेब असा:

1. तिथीचा आकडा घ्या. शुद्ध असो वा वद्य, दोन्ही पक्षांत हिशेब तोच.
2. त्याची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही.
3. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, सकाळी नऊला ओहोटी. द्वादशीला भरती नऊला, त्रयोदशीला पावणेदहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चला. मिनिटांपर्यंत वेळ हवी असेल तर त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं.

आता या हिशेबाचा पक्ष्यांशी संबंध काय? ओहोटीला खाडीतला चिखल आणि किनाऱ्यावरची ओली वाळू दूरवर उघडी पडते. पक्षी त्यावर पांगतात. तुम्ही काठावर उभे आणि ते अर्ध्या किलोमीटरवर ठिपक्यांएवढे. भरती चढू लागली की चराऊ जागा आकसत जाते आणि तेच पक्षी पाण्याबरोबर तुमच्याकडे सरकत येतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास सोन्यासारखे. पूर्ण भरतीला ते एखाद्या उंच वाळूवर नाहीतर खडकावर दाटीवाटीने बसून विश्रांती घेतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीशी असतो, पक्ष्याचा प्रत्येक रंग दिसतो. संध्याकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि सगळे पक्षी काळे. म्हणून चढती भरती आणि सकाळ या दोन्ही गोष्टी एकत्र येणं महत्त्वाचं.

ते कधी जमतं, बघा:

- द्वादशी ते चतुर्दशी: सर्वांत उत्तम. उजाडताना पाणी चढत असतं, नऊ ते साडेदहाच्या दरम्यान पूर्ण भरती.
- पौर्णिमा, अमावास्या: चांगली. उधाणामुळे पाणी खूप मागे जातं आणि खूप वर येतं. मात्र भरती उशिरा, तोवर ऊन चढतं.
- अष्टमी, नवमी: खाडीत चालून जातं. भांगाची भरती असल्याने पाणी फारसं हलत नाही.
- चतुर्थी ते षष्ठी: टाळा. सकाळी नेमकी ओहोटी. "काही दिसलं नाही" म्हणणाऱ्या मंडळींना त्यांच्या सहलीची तिथी विचारली की बहुतेक वेळा हीच निघते.

कोणत्या तारखा धरायच्या, कोणत्या सोडायच्या?

माझी पहिली पसंती माघ वद्य द्वादशी-त्रयोदशीला. भरती जुळते, रंग चढलेले असतात, थवे अजून गेलेले नसतात. त्याआधीची माघ शुद्ध द्वादशी-त्रयोदशी दुसऱ्या क्रमांकावर. इंग्रजी महिन्यांत हे साधारण फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत येतं, अधिक महिन्यामुळे दरवर्षी मागेपुढे होतं.

पण कोकणात याच दिवसांत देवकार्यं असतात, आणि घाटावरचे लोक हे विसरतात.

- महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला. देवगडजवळ कुणकेश्वरला मोठी यात्रा भरते. त्या दोन-तीन दिवसांत देवगड बाजूला पक्षी बघायला जाऊ नका, इतर किनारे खुले आहेत.
- आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा. हिची तिथी ठरलेली नसते, दरवर्षी देवीच्या कौलाने तारीख ठरते आणि आधी जाहीर होते. त्या आठवड्यात मालवण परिसरात खोली मिळणं कठीण. खोली घेण्याआधी ही तारीख विचाराच.
- शिमगा. फाल्गुन शुद्ध द्वादशीला भरती उत्तम जुळते, पण मुंबईकर चाकरमानी गावी आलेले असतात, पालख्या निघतात, घरमालक स्वतःच धांदलीत असतो. राहायची सोय पक्की असेल तरच जा.

वडगावच्या व्यापाऱ्यांना सोमवारचा बाजार सोडून जाता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. त्यांनी तिथी शुक्रवार ते रविवारात पडते का ते पाहावं. वर्षातून एखादा तरी असा जोग येतोच. आला की सोडू नये.

घाट कोणता उतरायचा?

वडगावहून तीन पर्याय आहेत. तिन्हीकडे जागा वेगळ्या, अनुभव वेगळा.

आंबा घाट ते रत्नागिरी. मलकापूर, आंबा, साखरपा, हातखंबा. कोल्हापूरपासून सुमारे 130 किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असणाऱ्यांनी हाच मार्ग घ्यावा. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते त्या भाट्याच्या खाडीवर फार पायपीट न करता पक्षी दिसतात. पुढे सुरूच्या बनालगतचा भाट्याचा लांब किनारा. शहर जवळ, डॉक्टर जवळ, खानावळी भरपूर.

गगनबावडा ते मालवण. गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे 55 किलोमीटर. तिथून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडी, पुढे कणकवली, मालवण. हे घाट दुरुस्तीसाठी किंवा दरडींमुळे बंद होतात. 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी बराच काळ बंद होता. निघण्याच्या आदल्या दिवशी घाट सुरू आहे का ते विचारून घ्या. बंद असेल तर राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट आहे.

मालवणात गेल्यावर बहुतेक गाड्या तारकर्ली-देवबागकडे वळतात. तिथे सकाळपासून जलक्रीडेच्या बोटी सुरू होतात, पक्षी टिकत नाहीत. तुम्ही उलट, उत्तरेला जा. कोळंबची खाडी, सर्जेकोटचं मुख, तळाशील-तोंडवळीचा तो अरुंद पट्टा, ज्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे, आणि त्यापुढे आचऱ्याची खाडी. पक्ष्यांसाठी मला या साऱ्या किनाऱ्यात तोंडवळी-आचरा सर्वांत आवडतं. भरतीला समुद्राकडचे पक्षी उडून खाडीकडे येतात आणि तुम्ही मधे उभे असता.

आंबोली घाट ते वेंगुर्ला, शिरोडा. आजरा, आंबोली, सावंतवाडी. अंतर जास्त, पण इथे मोचेमाडची खाडी, रेडी आणि शिरोड्याची मिठागरं आहेत. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हे शिरोडं. मिठागरांचा फायदा असा की किनारा भरतीने बुडाला की काही पक्षी या उथळ कुंड्यांत येऊन उतरतात. भरतीची वेळ चुकली तरी इथे पदरी काही तरी पडतं. मिठागर ही कुणाची तरी रोजीरोटी आहे, विचारल्याशिवाय बांधावर चढू नका.

एसटीनेही ही सहल होते. कोल्हापूरहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला गाड्या आहेत. महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. वयाचा पुरावा खिशात ठेवा. मात्र पहाटे किनाऱ्यावर पोहोचायचं तर मुक्काम किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा.

खोली घेताना काय विचारायचं?

निवास-न्याहारी योजनेतली घरं पक्षी बघणाऱ्यांना हॉटेलपेक्षा सोयीची पडतात. फोनवर हे प्रश्न विचारा:

- पहाटे सहाला दार उघडून मिळेल का, आणि चहा? बहुतेक घरांत न्याहारी साडेआठनंतर होते आणि तोवर तुमची भरती संपत आलेली असते. आदल्या रात्री सांगितलंत तर घावणे किंवा पोहे डब्यात भरून देतात.
- नोंदणी आहे का? पावती मिळेल का?
- आगाऊ रक्कम किती, रद्द केल्यास परत किती? उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागवा.

पैसे घेऊन खोली नाकारली किंवा कबूल केलेली सोय दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. लिहून मागवलेलं उत्तर तिथे उपयोगी पडतं.

बरोबर काय न्यायचं?

दुर्बीण 8×42 घ्या. 10×42 जास्त जवळ दाखवते, पण हातात हलते आणि किनाऱ्याच्या वाऱ्यात तर फारच. स्पॉटिंग स्कोप गटात एक असला तरी पुरे, तिवईसकट. टोपी, दोन लिटर पाणी, ओली झाली तरी चालेल अशी चप्पल, आणि लेन्स पुसायला सुती फडकं. खारी हवा काचेवर बसते, रोज संध्याकाळी पुसा. कपडे मातकट रंगाचे. नोंदीला साधी वही.

जाण्याआधी दोन रविवार सराव करा. रंकाळा, कळंबा तलाव, वारणेचा काठ. तिथे तुतारी, धोबी, शेकाट्या आणि नदी सुरय दिसतात. दुर्बीण डोळ्याला लावून उडता पक्षी पकडण्याची सवय घरीच व्हावी, ती शिकण्यात किनाऱ्यावरची भरती घालवू नये.

काय दिसेल, आणि कुठे गोंधळ होतो?

सगळी यादी देत नाही, पुस्तकात ती आहे. ज्यांच्याबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते तेवढेच सांगतो.

कुरव आणि सुरय. कुरव अंगाने भरलेला, पंख रुंद, पाण्यावर बसून राहतो. सुरय सडपातळ, पंख टोकदार, बऱ्याच जातींची शेपटी दुभंगलेली, हवेत थबकून पाण्यात सूर मारतो.

डोकं काळं की तपकिरी? इथे नाव फसवतं. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकंही विणीच्या रंगात असतं चॉकलेटी तपकिरीच. डोक्याकडे बघू नका, उडताना पंख बघा. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतील तर तो तपकिरी डोक्याचा कुरव. पंखाची पुढची कड लांबपर्यंत पांढरी असेल तर काळ्या डोक्याचा. खरंखुरं काळं डोकं असलेला, इतरांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतका मोठा, पिवळ्या चोचीचा आणि पिवळ्या पायांचा दिसला तर तो पल्लासचा कुरव.

वाळू चिखल्या. हा ओळखायला मी रंगाआधी चाल बघायला सांगतो. मुठीएवढा पक्षी. तुरुतुरु सहा-सात पावलं धावतो, एकदम थबकतो, मान किंचित तिरकी करतो आणि खाली वाकून टिपतो. पुन्हा धाव. तुतारी असं करत नाही, तो सतत चोच खुपसत पुढे सरकतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आचऱ्याला असा एक थवा भरतीबरोबर माझ्यापासून पंधरा पावलांवर आला होता. काहींची छाती पूर्ण विटकरी, काहींवर नुसता गुलाबी डाग, दोघे-तिघे अजून हिवाळ्याच्या राखी रंगात. एका लाटेने सगळे एकदम उडाले, वळले, पोटं पांढरी चमकली आणि पुन्हा त्याच जागी उतरले.

समुद्र गरुड. पांढरं डोकं, पांढरं पोट, राखाडी पाठ, पाचरीसारखी छोटी शेपटी. घिरट्या घालताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले. ब्राह्मणी घारीशी गल्लत होते, पण घारीची पाठ विटकरी असते आणि ती बरीच लहान. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचं प्रचंड घरटं दिसलं तर त्याखाली उभे राहू नका आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

कुरव जवळून बघायचे तर जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे जा. दोर आवळत आले की कुरव आणि घारी डोक्यावर घोंगावतात. बाजूला उभे राहा, दोरावर पाय देऊ नका, फोटोआधी रापणकरांना विचारा.

होडीने जायचं असेल तर

होडीवाल्याकडे परवाना आहे का आणि प्रवासी क्षमता किती हे विचारणं तुमचा हक्क आहे. प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळालंच पाहिजे, मुलांना त्यांच्या मापाचं. नसेल तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांबद्दल बरेच जण विचारतात. तिथे भारतीय पाकोळ्या लाळेने बांधलेली घरटी करतात. याच घरट्यांची पूर्वी परदेशातल्या सूपसाठी चोरी होत असे. मार्चच्या सुमारास तिथे वीण सुरू होते. होडी लांबूनच वळवायला सांगा. खडकांवर उतरण्याचा हट्ट धरू नका, गुहेत तर मुळीच शिरू नका.

कायदा आणि सुरक्षितता

- 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी हलवणं, मोडणं येतं. टिटवीची आणि काही चिखल्यांची अंडी उघड्या वाळूवर असतात. पक्षी तुमच्याभोवती ओरडत फिरू लागला तर आल्या वाटेने मागे फिरा.
- मालवणचा काही समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून प्रवाळ, शंख उचलून आणू नका.
- गाडी वाळूवर उतरवू नका. विश्रांती घेणारा थवा उडतो, वाळूतली अंडी चिरडतात, आणि भरतीत गाडी रुतते.
- ड्रोन घरी ठेवा. वरून येणारी कोणतीही वस्तू पक्ष्याला ससाण्यासारखी वाटते.
- पक्ष्यांना उडवून फोटो काढू नका. या दिवसांत ते हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. दर वेळी उडवल्यावर ती खर्च होते.
- खाडीच्या चिखलात एकट्याने उतरू नका. वरून घट्ट दिसणारा गाळ मांडीपर्यंत ओढतो. वाळूच्या पट्टीवर चालत गेलात तर भरती मागून वाट बंद करते, त्यामुळे परतायची वेळ आधी ठरवा.

जखमी पक्षी किंवा कासव आढळल्यास वनखात्याची 1926 हेल्पलाइन. समुद्रात संकट असेल तर तटरक्षक दलाचा 1554. इतर सगळ्यासाठी 112.

परत आल्यावर

वहीतली यादी तशीच पडू देऊ नका. तारीख, ठिकाण, भरतीची वेळ आणि पक्ष्यांची संख्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं तर पट्टीचा रंग, कोणता पाय आणि त्यावरची अक्षरं लिहून घ्या, फोटो मिळाला तर उत्तम, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. कोणत्या किनाऱ्यावरचा पक्षी कुठे जातो हे अशाच नोंदींवरून कळत आलं आहे. कोकणच्या खाड्यांमधून अशा नोंदी अजून फार कमी जातात. तुमची एक तरी जाऊ द्या.